तळघरात बांधलेला बस्ता

जालना जिल्ह्यात आठवडाभर राहून आले त्याला आता महिना होत आला, पण माझा राग काही उतरलेला नाही. इथे रत्नागिरीत शेजारणी विचारतात, "काय गो, लग्न कसं झालं? ऊन फार होतं का?" ऊन होतं. पण उन्हाबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती माणसांबद्दल आणि दिव्यांबद्दल, आणि ती तोंडी सांगायला लागले की माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसले आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. 'प्रकाश सरळ रेषेत प्रवास करतो' हे वाक्य मुलांच्या तोंडून ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. हॉस्टेलमधली माझी जिवलग मैत्रीण सुनंदा लग्न होऊन घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावला गेली. तिचे यजमान दिगंबरराव शाळेत गणित शिकवतात. त्यांच्या मयुरीचं लग्न परतूरच्या मुलाशी ठरलं तेव्हा सुनंदाने फोनवर बजावलं, "नले, लग्नाला काय, गाव येतंय. तू बस्त्यालाच ये."

जालना

बस्ता म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडे लग्नाची खरेदी म्हणजे आई आणि मुलगी चार दुपारी चार दुकानं पालथी घालतात. इकडे दोन्हीकडची मंडळी एकाच दिवशी एकाच दुकानात गाद्यांवर बसतात, नवरीच्या शालूपासून मामांच्या टोपीपर्यंत सगळं कापड एकदम घेतात, आणि त्याचं गाठोडं बांधून, कुंकू लावून, घरी नेतात. गाडीतून उतरले ती सामानासकट थेट दुकानातच गेले.

दुकान तळघरात होतं. जिना उतरून खाली गेलं की खिडकी म्हणून नाही. छताला पांढऱ्या दिव्यांच्या फरशा जडवलेल्या, आणि गारवा असा की बाहेरचा एप्रिल विसरावा. दोन्हीकडची पंधरा-वीस माणसं, मसाला दुधाचे पेले, आणि मधे साड्यांचा डोंगर. नवऱ्या मुलाची आई शकुंतलाबाई डोंगराच्या ऐन पायथ्याशी बसल्या होत्या. शालू वरपक्षाचा, म्हणून निवडीचा मान त्यांचा. बाई ठसठशीत, आवाज खणखणीत, आणि दुसऱ्याच्या पेल्यात दूध उरलंय का इकडेही लक्ष. मला त्या पहिल्यांदा आवडल्याच होत्या.

त्यांनी एक पैठणी उचलली. डाळिंबी रंगाची, काठावर मोर. मयुरीचे डोळे लकाकले. मी सवयीने साडीचं टोक धरलं आणि उठले. आमच्याकडे रंगाची साडी दुकानाच्या पायरीवर आणून उन्हात बघितल्याशिवाय बाई पर्स उघडत नाही. दुकानदार स्वतःच म्हणतो, 'वयनी, भायेर बघा.' इथे विक्रेत्याने माझा रस्ताच अडवला.

"मॅडम, माल वर न्यायचा न्हाई. बोर्ड बघा ना."

खरोखरच पाटी होती. मी म्हटलं, "अहो, रंग बघायचाय."

"इथंच बघा की. दिवसासारखा उजेड हाये."

"दिवसासारखा म्हणजे दिवस नव्हे!"

सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. शकुंतलाबाई हसल्या. "मॅडम, बसा. वर ऊन लई हाये, चक्कर यील. रंग काय पळून चालला का?"

मी बसले. पाहुणी होते. पुढचा प्रश्न ब्लाउजचा. साडीला जोडून आलेलं ब्लाउजपीस कापायचं नाही, तेवढ्या निऱ्या जास्त येतात, असं वरपक्षाचं मत पडलं. म्हणून वेगळं भरतकामाचं कापड आणवलं. विक्रेत्याने एकामागून एक तुकडे साडीवर टाकून दाखवले, आणि एक तुकडा असा बसला की साडी कुठे संपते आणि कापड कुठे सुरू होतं ते कळेना. "बराबर!" शकुंतलाबाई म्हणाल्या. सगळ्यांच्या माना हलल्या. माझीही हलली, आणि याचा राग मला इतर कुठल्याही रागापेक्षा जास्त आहे.

रस्ता

जालन्याहून आम्ही दिगंबररावांच्या गाडीतून निघालो. बस्त्याचं गाठोडं सुनंदाच्या मांडीवर. काळी, भेगांनी उलून गेलेली जमीन, तुरी काढून मोकळी पडलेली रानं, मधेच मोसंबीच्या बागेचा हिरवा चौकोन. आमच्याकडे दहा पावलांवर वळण आणि वळणाआड झाड. इथे नजर जाईल तिथपर्यंत जमीन जाते. मला ते फार आवडलं.

पुढे रस्त्यावर पाणी साचलेलं दिसत होतं. त्यात समोरून येणाऱ्या ट्रकचं उलटं प्रतिबिंबही होतं. गाडी जवळ गेली की पाणी पुढे सरके.

"मृगजळ," दिगंबरराव म्हणाले. "डोळ्याचा भास."

झालं! मी पुढच्या सीटला धरून वाकलेच. "भास कसला, दिगंबरराव? फोटो काढा, फोटोतही येईल. कॅमेऱ्याला काय भास होतो?"

मग मी त्यांना सांगितलं. डांबर तापतं, डांबराला लागून असलेली हवा तापून विरळ होते, वरची तेवढी तापत नाही. आभाळाकडून तिरका खाली येणारा उजेड या थरांतून जाताना वाकत वाकत जातो आणि जमिनीला न टेकताच परत वर उठून आपल्या डोळ्यात येतो. म्हणजे आपण रस्त्यावर आभाळच बघत असतो. तो उजेड खरा असतो. फक्त तो सरळ आला असं आपण धरून चालतो, म्हणून त्याला पाणी म्हणतो.

"म्हंजे शेवटी भासच की," ते म्हणाले, आणि हॉर्न वाजवला.

मी आतून धुमसत राहिले. आपल्याला कळलं नाही की आधी डोळ्यावर ढकलायचं, डोळ्यावर नाही भागलं तर नशिबावर, आणि तिथेही नाही भागलं तर जवळ जो कोणी गरीब असेल त्याच्यावर. हे शेवटचं मला तेव्हा सुचलं नव्हतं. ते पिंपळगावात शिकले.

कुंभार पिंपळगाव

गावात दोन दिवस फार सुखाचे गेले. सकाळी धपाटे आणि दही, दुपारी ज्वारीची भाकरी आणि असा ठेचा की कोकणातली माझी जीभ शरण आली. लग्नघरी येसर कांडणं चाललं होतं. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून केलेली पूड. तिच्या आमटीशिवाय इकडे लग्नाची पंगत उठत नाही. मी मासे नसलेल्या जेवणाला जेवण म्हणत नाही, पण त्या आमटीच्या तीन वाट्या प्यायले.

अंगणात मोठा कडुनिंब होता. दुपारी त्याच्या सावलीत जमिनीवर उजेडाचे शेकडो गोल ठिपके पडत. पानांमधली भोकं वेडीवाकडी, पण ठिपके मात्र गोल, कारण प्रत्येक ठिपका म्हणजे सूर्याचं चित्र. येसर कांडणाऱ्या बायकांना मी ते दाखवलं. त्या म्हणाल्या, "असंल माय," आणि मुसळ उचललं. मलाही एक मुसळ दिलं.

साडीला फॉल-बिडिंग करायला आणि ब्लाउज शिवायला सविताबाईंकडे द्यायचं ठरलं. गावाच्या कडेला पत्र्याची खोली, दारावर पंचशील ध्वज, आत शिलाई मशीन. सविताबाईंचे यजमान बांधकामावर जात, घर या मशीनवर उभं होतं. गावातली जवळपास प्रत्येक नवी साडी त्यांच्या हातून जाई. माझाही एक ब्लाउज टाकायचा होता म्हणून मी सुनंदाबरोबर गेले. खिडकी उन्हामुळे पोत्याने झाकलेली, आणि डोक्यावर पांढरा दिवा.

"इथं आत कशाला बसता? बाहेर ओट्यावर उजेड आहे की," मी म्हटलं.

"नवरीची साडी उनात न्हाई काढत, मॅडम. रंग उडतो. नवरीनं अंगावर घातली का मंगच तिला ऊन दावायचं," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही हात पदराला पुसून मगच साडीची घडी उघडली. साडीवर ब्लाउजचं कापड ठेवून पाहिलं. "लई बराबर मिळालं बाई. कुठं घेतलं?"

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं म्हणून बरं.

अंगणातली सकाळ

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी शकुंतलाबाई दोघी-तिघी बायकांना घेऊन परतूरहून आल्या. ब्लाउज मापात बसतो का ते त्यांना स्वतः बघायचं होतं. सुनंदाने सविताबाईंना निरोप धाडला. फॉल अर्धाच लागला होता, तरी त्या साडी आणि शिवून झालेला ब्लाउज चादरीत गुंडाळून घेऊन आल्या. सुई साडीतच टोचलेली होती.

मांडव अजून पडायचा होता. अंगण मोकळं, ऊन कडक. शकुंतलाबाईंनी बाजेवर चादर सोडली आणि साडी झटकन उलगडली.

साडी वांगी रंगाची होती. आणि तिच्यावर ठेवलेला ब्लाउज लख्ख डाळिंबी.

 मग शकुंतलाबाईंचा आवाज चढला. "ही ती साडी न्हाईच!"

"अहो, तीच हाये," सविताबाई म्हणाल्या, पण म्हणता म्हणता साडीवर वाकून बघू लागल्या, कारण समोर जे दिसत होतं ते त्यांनीही पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"मला येडी समजली का? म्या निवडली ना माझ्या हातानं! डाळिंबी व्हती. हे काय हाये? वांगं! कुठं ठेवली साडी? कोणाला दिली?"

"बाई, म्या कशाला देईन..."

"मंग साडीनं आपोआप रंग बदलला का? चोरटी कुठली!"

आवाज ऐकून गल्लीतल्या बायका फाटकाशी जमल्या. कोणीतरी म्हणालं, पोलिसात द्या. कोणीतरी म्हणालं, झडती घ्या. सविताबाई तिथेच उभ्या, हातात रिकामी चादर. साडी दुकानातल्या चार माणसांच्या हातून गेली होती, गाडीत होती, सुनंदाच्या कपाटात होती. पण बोट उचललं गेलं ते सरळ सविताबाईंकडे. दुकानदाराला कोणी चोर म्हणालं नाही. सुनंदाला कोणी म्हणालं नाही. मला, परक्या बाईला, सामानाची बॅग घेऊन आलेल्या बाईला, कोणी म्हणालं नाही. संशयाला उतार बरोबर सापडतो.

मी मधे पडले. "थांबा, हे उजेडाचं काम आहे. साडी तीच आहे."

"मॅडम, तुम्ही पाहुण्या हात," शकुंतलाबाई म्हणाल्या. "हे आमच्यातलं हाये."

आणि दिगंबरराव! गणिताचे मास्तर! मी त्यांच्याकडे पाहिलं की आता तरी हा माणूस काही बोलेल. ते म्हणाले, "ताई, शांत व्हा. मिटवून टाकू. मी दुसरी साडी आणतो. सविता, तू जा आता. आणि हे बघ, आमचं राहिलेलं काम ठेव बाजूला, दुसरीकडून करून घेऊ."

म्हणजे झालं मिटवणं! पुरावा नको, विचारणा नको. साडी नवी येणार, सोयरीक टिकणार, आणि या सगळ्याची भरपाई ती बाई आपल्या नावाने करणार. जिच्याकडे अख्ख्या गावाच्या साड्या विश्वासाने येतात, तिला 'काम ठेव बाजूला' असं भर अंगणात म्हटलं की उद्यापासून तिच्या दारात कोण येणार? सविताबाईंनी चादर घडी करून बाजेवर ठेवली आणि मान खाली न घालता फाटकातून निघून गेल्या. बायका बाजूला झाल्या.

मी आयुष्यात बऱ्याच गोष्टींवर चिडले आहे. पण त्या सकाळी चिडले तेवढी कधीच नाही.

माजघर

मयुरी आत बसून रडत होती. मी तिला म्हटलं, "रडणं नंतर. आधी साडी आणि ब्लाउज आण, आणि तुमच्या घरात एखादी जुनी सीडी असेल तर शोध." सुनंदाच्या लग्नाची सीडी निघाली. मग मी बाहेर जाऊन शकुंतलाबाईंचा हात धरला. विनंती केली असं नाही म्हणता येणार, धरूनच आणलं.

माजघराला खिडकी एकच. ती लावली, दार लावलं, पांढरा दिवा लावला. "आता उलगडा," मी म्हटलं.

शकुंतलाबाईंनी साडी उलगडली. डाळिंबी. ब्लाउज वर ठेवला. कुठे साडी संपते आणि कुठे ब्लाउज सुरू होतो ते कळेना.

"अगं माय!" मागून कोणीतरी म्हणालं.

मी दार उघडलं. उन्हाचा पट्टा आला, आणि त्या पट्ट्यापुरती साडी वांगी झाली. ब्लाउज होता तसाच डाळिंबी. दार लावलं, जुळलं. उघडलं, फाटलं. मी हे चार वेळा केलं, कारण मला ते करताना बरं वाटत होतं.

"जादू हाये का काय?" शकुंतलाबाई हळू म्हणाल्या.

"जादू नाही, शकुंतलाबाई. कापडाला स्वतःचा उजेड नसतो. त्याच्यावर जो उजेड पडतो त्यातला काही ते खातं, उरलेला परत देतं. परत दिलेला तो रंग." त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेना, तेव्हा मी म्हटलं, "जे ताटात वाढलंच नाही, ते पानात उरेल कसं?"

हे मात्र त्यांना पटकन कळलं. लग्नघर होतं.

मग मी दाराच्या फटीतून येणाऱ्या उन्हात सीडी धरली आणि भिंतीवर रंगांचा पट्टा पाडला. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळे रंग एकमेकांना चिकटून, कुठे खंड नाही. नंतर दार लावून तीच सीडी दिव्याखाली धरली आणि एकेकीला तिच्यात बघायला लावलं. निळा ठळक, मग मधे काळपट खिंड, पुढे हिरवा, पिवळा, तांबडा. आणि निळ्याच्या पलीकडचा जांभळा जवळजवळ नाहीच.

"या दिव्याने जांभळा वाढलेलाच नाही," मी म्हटलं. "साडीचा रंग ज्या मसाल्याचा आहे तो मसाला तांबड्याबरोबर जांभळाही परत देतो. ब्लाउजचा मसाला वेगळा, तो जांभळा गिळून टाकतो. दिव्याखाली जांभळा मुळात नसतो, म्हणून दोघांची चव सारखी लागते. उन्हात सगळं वाढलेलं असतं, म्हणून फरक कळतो. दुकान तळघरात, सविताबाईंची खोली झाकलेली, आपण घरी गाठोडं सोडलं ते संध्याकाळी. तुमच्या या साडीने आज सकाळपर्यंत ऊन पाहिलंच नव्हतं."

शकुंतलाबाई तिथेच खाली बसल्या. पुन्हा एकदा स्वतः उठून दार उघडून पाहिलं, लावून पाहिलं. बाई हट्टी होत्या पण खोट्या नव्हत्या. "मंग त्या बाईला मी उगीच..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

आता सगळं सरळ होईल असं मला वाटलं. भोळी मी! दिगंबररावांनी लगेच मार्ग काढला. "चला, बरं झालं. गैरसमज होता. सविताकडे खण-नारळ पाठवून देऊ. ताईंनी जायची काय गरज? आणि फॉल तेवढा आता दुसऱ्या कोणाकडून..."

"कशाला दुसऱ्या कोणाकडून?" मयुरी दारातून म्हणाली. रडून तिचे डोळे सुजले होते. "पप्पा, साडी अर्धी शिवलेली हाये. तिनंच पुरी करायची. न्हाईतर मी ही नेसणार न्हाई."

मी तिला त्याच क्षणी मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क दिले.

सविताबाईंचं दार

खण-नारळ घेऊन मीच गेले. सविताबाई मशीनशी बसल्या होत्या, पण मशीन चालू नव्हतं. खाटेवर पिशव्यांचा ढीग असायचा तो कमी झालेला. दुपारपर्यंत दोन घरांनी आपली कापडं परत नेली होती. शिवायची घाई नाही म्हणाल्या म्हणे.

सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटांवर थोडा वेळ लागतो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. बदनामीला त्याहून फार लागत नसावा.

मी सगळं सांगितलं. दिवा, ऊन, जांभळा. त्या ऐकत होत्या. उठून त्यांनी खिडकीवरचं पोतं काढलं आणि हातातलं एक कापड आधी दिव्याखाली, मग खिडकीशी धरून पाहिलं. "असं हाये व्हय," एवढंच म्हणाल्या. मग खण-नारळाकडे पाहिलं.

"हे कोणी दिलं?"

"शकुंतलाबाईंनी. त्यांना फार वाईट वाटतंय. चूक झाली म्हणाल्या."

"कुठं म्हणाल्या?"

"म्हणजे? घरात. माजघरात."

सविताबाईंनी ताट माझ्या हातात परत दिलं. रागाने नाही, अगदी नीट, नारळ कलंडणार नाही असं. "मॅडम, मला चोरटी म्हणलं ते माजघरात न्हाई म्हणलं. अंगणात म्हणलं. सगळी गल्ली उभी व्हती. आता दार लावून आत म्हणायचं, चूक झाली. आतलं आत ऱ्हातं. भाईर जे दिसलं तेच लोकाला ठाव हाये."

"मग?"

"मंग अंगणात या म्हणा. मी बी येते."

मी ताट तसंच परत आणलं. दिगंबरराव म्हणाले, "एवढा ताठा?" आणि मग मी त्यांना जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. सुनंदाशी माझी मैत्री अजून टिकून आहे, तीच पुरे. शकुंतलाबाई मात्र माझा त्रागा संपेपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, "उद्या हळदीला येते मी. तिला बलवा."

हळद

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात निम्म्या भागावर मांडव पडला होता. हळदीला गल्ली लोटली होती. सविताबाई आल्या. धुवट साडी, केस विंचरलेले. त्या मांडवात आल्या नाहीत. बाहेर, काल जिथे बाज होती तिथे, उन्हात उभ्या राहिल्या.

शकुंतलाबाई मांडवाच्या कडेपर्यंत गेल्या. तिथे थबकल्या. मला वाटलं, ही बाई आता तिथूनच काहीतरी पुटपुटून परत फिरणार. मी जागची उठलेही. पण त्यांनी डोक्यावरून पदर घेतला आणि उन्हात पाऊल टाकलं.

"बाई, माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "साडी तीच हाये."

सविताबाई हलल्या नाहीत. "मोठ्यानं म्हणा. चोरटी म्हणताना आवाज मोठा व्हता."

हळकुंडं दळणारं जातं थांबलं. सुनंदाने माझा दंड धरला. शकुंतलाबाईंचा चेहरा लाल झाला.

"या बाईनं साडी बदलली न्हाई!" तोच कालचा खणखणीत आवाज, फाटकाबाहेरही गेला असेल. "साडी तीच हाये. म्या उगीच तिला चोरटी म्हणलं. माझं चुकलं. ऐकलं का सगळ्यांनी?"

मयुरी हळदीच्या पाटावरून तशीच उठली, पिवळे हात शेजारी चादरीत बांधून ठेवलेल्या साडीला न लावता मला म्हणाली, "मावशी, तेवढी साडी द्या त्यांना." मी चादर सोडून साडी दिली. सुई अजून होती तिथेच टोचलेली होती.

"या बाई, मांडवात बसा. ऊन हाये," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"ऱ्हाऊ द्या," सविताबाई म्हणाल्या. "हिनं ऊन पाह्यलं आता. आता काय लपवायचं."

कडुनिंबाच्या सावलीच्या बाहेर, भर उन्हात, त्यांनी चादर अंथरली, साडी मांडीवर घेतली, दोरा ताणून पाहिला आणि राहिलेला फॉल शिवायला सुरुवात केली. फाटकाशी उभ्या असलेल्या बायका बघत होत्या. त्यातली एक थोड्या वेळाने घरी गेली आणि काल परत नेलेली पिशवी घेऊन आली. सविताबाईंनी पिशवीकडे पाहिलं, मान वर न करता म्हणाल्या, "ठिवा तिकडं. आधी नवरीचं होऊ द्या," आणि पुढचा टाका घातला.